दिनविशेष : ३ जुलै १९५४
अकलूज : ज्या नीराकाठच्या मुलुखात आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी, तिचे रिंगण आणि एरवी कुस्तीचे फड यांचीच वार्ता चालावयाची, तेथे गोल्फचे नाव कानी पडण्याचे कारण नव्हते, तथापि गोल्फपटू बेब झहारियास यांचे यजमान जॉर्ज हे पेशाने पैलवान होते, एवढ्या नात्याने तरी या खेळाडूची दखल येथे घेणे गैरवाजवी ठरू नये. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक व अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदके मिळविणाऱ्या आणि १९५० साली स्थापन झालेल्या व्यावसायिक महिला गोल्फ संघटनेच्या १३ संस्थापिकांपैकी एक असलेल्या या बाईंवर एप्रिल १९५३ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे पोटाशी मलविसर्जनाची पिशवी बांधूनच त्यांना वावरावे लागले. त्या अवस्थेत, त्या काळी ज्या व्याधीचे नाव उच्चारण्यासही लोक कचरत तिची जाहीर वाच्यता करून, त्या १९५४ च्या हंगामात उतरल्या; आणि मॅसॅच्युसेट्समधील पीबडी येथे अमेरिकन महिला खुल्या स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी ३६ खळग्यांची पायपीट पुरी करून, एकूण २९१ फटक्यांत, तब्बल १२ फटक्यांच्या आघाडीने तिसऱ्यांदा विजेत्या ठरल्या. १९५६ च्या सप्टेंबरात त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. पीबडीच्या त्या अखेरच्या दिवशी त्यांच्याबरोबर खेळणारी १९ वर्षांची हौशी मुलगी मिकी राइट हिने पुढे हीच स्पर्धा चार वेळा जिंकली.