बीटा पेशींचा ऱ्हास (टाइप १ मधुमेहातील)

स्वादुपिंडाच्या लँगरहान्स द्वीपकांतील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होत जाण्याची क्रिया. निदानानंतर लवकरच दगावलेल्या रुग्णांच्या द्वीपकांत लिम्फोपेशी शिरलेल्या असतात, हे बेल्जियमचे विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये दाखवले. द्वीपकपेशींविरुद्धची प्रतिपिंडे १९७४ मध्ये आढळली. प्रत्यक्ष मारा मुख्यतः सीडी८ टी-पेशींचा. जीएडी, आयए-२ इत्यादी द्वीपकपेशींतील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे ही या माऱ्याची खूण. लक्षणे दिसेपर्यंत ८० ते ९० टक्के पेशी गेलेल्या असतात, हे जुने विधान सरसकट लागू पडत नाही: लहान मुलांत हानी मोठी असते, तरुणांत बऱ्याच पेशी शिल्लक असतात, पण त्या पुरेसे इन्सुलिन स्रवत नाहीत.

महाराष्ट्रातील पुरावा : भारतात टाइप २ मधुमेह कमी वयात व सडपातळ माणसांतही होतो. त्यामुळे वय आणि वजनावरून केलेले निदान येथे डळमळीत ठरते. बीटा पेशी कशामुळे निकामी झाल्या, हीच कसोटी धरावी लागते. पुण्याचे केईएम रुग्णालय (डॉ. चित्तरंजन याज्ञिक), हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था व इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठ यांचा २०२० मधील अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा. पुण्यातील टाइप १ च्या २६२ रुग्णांवर (पैकी २०० जणांत प्रतिपिंडे होती) युरोपीयांसाठी बेतलेला, नऊ जनुकीय खुणांचा जोखीम-गुणांक पडताळण्यात आला. टाइप १ व टाइप २ वेगळे ओळखण्याची त्याची क्षमता (पूर्ण अचूकता १, निव्वळ अंदाज ०.५) युरोपीयांत ०.८७, तर पुण्यात ०.८४ भरली. यातला मोठा वाटा एचएलए भागातील खुणांचा. एचएलए रेणूच टी-पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवतात. तेव्हा येथील ऱ्हासही प्रामुख्याने प्रतिकारजन्य असावा, हे अनुमान सयुक्तिक ठरते. उरलेल्या ६२ जणांत प्रतिपिंडे नव्हती, हा आक्षेप घेता येतो. मात्र आजार जुना होत जातो तशी प्रतिपिंडे ओसरू शकतात. ती न सापडल्याने मारा झालाच नाही असे ठरत नाही. काहींचे निदान चुकले असण्याची शक्यता अर्थात उरते. परक्या लोकसमूहावर बेतलेल्या गुणांकातून भारतीयांतील वेगळ्या खुणा निसटत असतील, हाही आक्षेप रास्त आहे. पण त्यातून यश किंचित कमी का, एवढेच उलगडते. तो गुणांक इतका लागू पडतो, यावरून दोन्हीकडची मूळ यंत्रणा बरीचशी समान असल्याचेच दिसते.

उपचार : आयुष्यभर इन्सुलिन. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध लक्षणांची सुरुवात लांबवते.