पट्टीश्वरम् येथील गुरुपरंपरा

कुंभकोणम्‌जवळील पट्टीश्वरम् येथे धेनुपुरीश्वराचे पुरातन देवालय आहे. दुर्गादर्शनासाठी तेथे भाविकांची रीघ लागते. त्याच देवालयात गोविंद दीक्षित व त्यांच्या धर्मपत्नी नागांबा यांच्याही मूर्ती आहेत. या दांपत्याचे महाराष्ट्रीय संगीतावर केवढे ऋण आहे, हे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

गोविंद दीक्षित हे तंजावरच्या नायक राजांचे मंत्री. कुंभकोणम्‌च्या महामहम् तलावाकाठचे 16 मंडप त्यांनीच बांधविले. राजा रघुनाथ नायक (1600–1634) हा स्वतः कवी व वीणावादक होता. त्याच्या कलासाधनेस दीक्षितांचे मार्गदर्शन लाभले. ‘संगीतसुधा’ हा ग्रंथ रघुनाथाच्या नावावर आहे. परंतु तो आपल्या पित्याने रचला, असे दीक्षितांचे पुत्र व्यंकटमखी यांनी ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. गुरूने आपली कृती शिष्याच्या नावे केली आणि पुत्राने पित्याचे नाव काळाच्या उदरात गडप होऊ दिले नाही. या एका नोंदीअभावी दीक्षितांचे ग्रंथकर्तृत्व कदाचित आज कोणास ठाऊकही नसते.

व्यंकटमखींनी स्वरांच्या शक्य त्या जोडण्या गणिताने करून 72 मेळ सिद्ध केले. शुद्ध मध्यमाचे 36 आणि दुसऱ्या मध्यमाचे 36, अशी ही मांडणी. त्यांपैकी त्यांच्या काळी प्रचारात होते केवळ 19. उरलेले 53 मेळ त्यांनी भावी कलावंतांसाठी मोकळे ठेवले, असेच म्हणावयास हवे. शिष्याच्या अजून न जन्मलेल्या निर्मितीसाठी जागा राखून ठेवणे, याहून थोर गुरुकार्य ते कोणते?

पुढे तंजावरचे भोसले राजे तुळजाजी (1728–1736) यांनी आपल्या ‘संगीतसारामृत’ ग्रंथात याच विचाराचा आधार घेतला. 1904 साली पं. विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या यात्रेस निघाले. एट्टयपुरम् येथे मुत्तुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातील वयोवृद्ध सुब्बराम दीक्षितांची त्यांनी भेट घेतली व ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत मिळविली. मुंबईचा हा वकील तेथे जिज्ञासू विद्यार्थी होऊन गेला होता. पुढे त्यांनी तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. आज आपल्या गायनवर्गांतील मुले जे 10 थाट घोकतात, त्यांच्यामागे या 72 मेळांची प्रेरणा आहे. भातखंड्यांनी आपली मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिली, हेही किती औचित्यपूर्ण!

गुरुऋण फेडता येत नाही, असे आपण म्हणतो. तथापि, ते नोंदविता निश्चित येते. आपल्या मंडळात ज्यांनी पेटी, तबला, नाटक वा भजन शिकविण्यात आपल्या सायंकाळी वेचल्या, त्या सर्वांची नावे मंडळाच्या दप्तरी लिहून ठेवावीत, एवढीच आमची नम्र सूचना आहे.