होश दर दम : पाणचक्कीमागची विसरलेली शिकवण

‘माइंडफुलनेस’ हा शब्द हल्ली शाळांपर्यंत पोहोचला आहे. हातातल्या कामात, चालू क्षणात मन ठेवणे, हा त्याचा साधा अर्थ. बौद्ध ध्यानपरंपरेतील या साधनेवर आधारलेला ताणमुक्तीचा कार्यक्रम जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केला. आपल्यातल्या अनेकांना हे सारे परके वाटते. ही जागरूकता आपल्या इतिहासातही आहे, हे मात्र आपण विसरलो आहोत.

बाराव्या शतकात बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानमध्ये ख्वाजा अब्दुल खालिक हे सूफी होऊन गेले. साधकांसाठीची आठ फारसी सूत्रे त्यांच्या नावावर आहेत. ‘होश दर दम’ म्हणजे एकही श्वास गाफीलपणे जाऊ नये. ‘नजर बर कदम’ म्हणजे चालताना नजर पावलावर असावी. ‘खिलवत दर अंजुमन’ म्हणजे चारचौघांत राहूनही आतला एकांत. पुढे ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद (1318–1389) यांच्या नावाने तीन सूत्रांची भर पडली. त्यांतले ‘वुकूफ-ए-जमानी’ सांगते, की गेलेला वेळ स्मरणात गेला की गफलतीत, याचा हिशेब ज्याचा त्याने घ्यावा. म्हणूनच नक्शबंदी सिलसिल्यात साधनेसाठी कामधंदा सोडावा लागत नाही.

त्याच गिजदुवानचे बाबा शाह मुसाफिर सतराव्या शतकात औरंगाबादेत आले. त्यांची मजार पाणचक्कीच्या आवारात आहे. हर्सूलकडून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर तिथली चक्की फिरे आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण दळले जाई. जिक्र आणि दळण एकाच अंगणात! आज सहलीला येणारी मुले हौदातले मासे पाहून परततात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीतला ‘हुशार’ हा शब्द फारसी ‘होशियार’वरून आला. होशियार म्हणजे होशात असलेला, जागा. आपण मात्र हुशारी गुणपत्रिकेत मोजू लागलो.

एक फरक ध्यानात घ्यायला हवा. सूफींचा हेतू ताण घालवणे हा नव्हता. त्यांना अल्लाहची याद हवी होती, मनाची शांती तिच्या मागोमाग येई. नमाजेत खुशू हवा, असे आपण नेहमी म्हणतो. पण सलाम फेरताच हात मोबाईलकडे जातो. दिवसभर विखुरलेले मन मुसल्ल्यावर एकदम गोळा कसे होणार? त्याची तयारी दुकानात, स्वयंपाकघरात, वर्गातच करावी लागते. एका श्वासापासून सुरुवात करता येते.