प्राणहितेचा फुगवटा

कोरिंगा हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे, यानमच्या शेजारी, हे एक जुने बंदर होते. तिथे जहाजे बांधीत. १७८९ सालच्या डिसेंबरात वादळाने समुद्र चढला आणि लाटा गावावरून गेल्या. जी माणसे उरली ती परत आली, त्याच जागी घरे बांधली, बंदर पुन्हा चालू झाले. पन्नास वर्षांनी, २५ नोव्हेंबर १८३९ रोजी, दुसरे वादळ आले आणि गाव पुन्हा बुडाले. पुस्तकांतून मेलेल्यांचा आकडा तीन लाख असा देतात. तो फुगवलेला असावा असे मला वाटते. पण बंदर त्यातून पुन्हा पूर्वीसारखे उठले नाही, हे खरे. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी याच किनाऱ्यावरच्या तुफानांचा अभ्यास करून ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला.

तुम्ही म्हणाल, सिरोंचाच्या माणसाला कोरिंग्याचे काय? अहो, एकाच नदीची ही दोन ठिकाणे. आपल्या जंगलातले सागवान पावसाळी पाण्यावर सोडले की ते राजमहेंद्रीकडे तरंगत जाई. धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांच्या मनात तर वऱ्हाडचा कापूस याच वाटेने समुद्रापर्यंत न्यावा असे होते. १८६० साली सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले. नदीतल्या खडकाळ टप्प्यांना वळसा घालणारे कालवे खोदायला लागले. पुढे १८६७ साली नागपूरला आगगाडी आली, खर्च डोईजड झाला, आणि १८७१ साली ते काम सोडून दिले. जिल्हाही मोडला. वाट बंद पडली ती माणसांची. पावसाची वाट मात्र उलट दिशेने चालूच राहिली.

ती अशी. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर कमी दाब तयार होतो. तो ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतो आणि पश्चिमेकडे सरकत छत्तीसगड, विदर्भ, तेलंगण असा भिजवीत जातो. किनाऱ्यावर घरे पाडणारा वारा इथवर येईतो मवाळ होतो, पाणी मात्र भरपूर आणतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला तरी त्याचे देणे आपल्याला असे पोचते.

आता सिरोंचाची जागा बघा. गुरुजींनी फळ्यावर तीन रेघा काढाव्यात. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ एक होऊन प्राणहिता बनते, ती उत्तरेकडून येते. पश्चिमेकडून गोदावरी येते आणि समोर कालेश्वरपाशी तिला प्राणहिता मिळते. आणखी खाली सोमनूरला पूर्वेकडून इंद्रावती येते. सिरोंचा पहिल्या संगमाच्या जरासे वर, प्राणहितेच्या डाव्या काठाला. तिन्ही नद्या एकाच वेळी भरल्या तर काय होते? खाली इंद्रावती गोदावरीला अडवते, तुंबलेली गोदावरी प्राणहितेला पुढे सरकू देत नाही, आणि प्राणहितेचे पाणी जागच्या जागी चढू लागते. यालाच फुगवटा म्हणतात. भामरागडच्या लोकांना हे सांगायला नको; इंद्रावती फुगली की पर्लकोटा मागे सरते आणि बाजारपेठेत पाणी शिरते. फुगवट्याला लोंढ्यासारखा आवाज नसतो. वरच्या अंगाला ऊन पडलेले असताना ओढ्यानाल्यांतून ते मागल्या दाराने येते, आणि गावाबाहेरचा रस्ता घरांच्या आधी बुडतो. नुसते आभाळाकडे बघून बसणारा इथे फसतो.

१९८६ चा ऑगस्ट असाच होता. त्या पुराची गोष्ट सिरोंचा तालुक्यात म्हातारी माणसे अजून सांगतात. आपल्या खाली भद्राचलमला १६ ऑगस्ट रोजी गोदावरी ७५.६ फुटांवर गेली. तिथे ५३ फुटांना शेवटचा, तिसरा इशारा देतात. म्हणजे त्याही वर २२ फूट! पुढे छत्तीस वर्षांनी, १६ जुलै २०२२ रोजी, तिथेच ७१.३ फूट नोंदले गेले. सिरोंचा तालुक्यात गावेच्या गावे हलवावी लागली.

या दोन पुरांच्या मध्ये एक गोष्ट नवी झाली होती. संगमाच्या खाली मेडिगड्डा येथे तेलंगण सरकारने ८५ दरवाजांचा बंधारा बांधला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन राज्यांचा करार झाला, पाण्याची पातळी १०० मीटर ठरली, आणि २१ जून २०१९ रोजी बंधारा चालू झाला. बंधाऱ्यामुळे शेतांत पाणी राहते, काठ खचतात, अशी आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांची तक्रार. मोबदल्यासाठी ते साखळी उपोषणालाही बसले. २०२२ च्या पुराला बंधारा किती जबाबदार, यावर वाद आहे. त्याच पुरात बंधाऱ्याचे स्वतःचे कन्नेपल्लीचे पंपघरही बुडाले, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे काही खांब खचले आणि साठलेले पाणी सोडून द्यावे लागले. वाद सुटेल तेव्हा सुटेल. शेतकऱ्याचे नुकसान मात्र त्याची वाट पाहत थांबत नाही.

मग पुन्हा तसा पूर आला तर? ओडिशाकडे बघा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच किनाऱ्यावर फायलीन नावाचे प्रचंड वादळ आले, तेव्हा मृत्यू पन्नासांच्या आत राहिले. समुद्र काही शहाणा झाला नव्हता. मधल्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर पक्की आश्रयघरे बांधली, गावोगाव तरुण शिकवून तयार केले, आणि वादळाआधीच सुमारे दहा लाख लोक हलवले. कोरिंग्याने पन्नास वर्षांत जे केले नाही ते इथे चौदा वर्षांत झाले.

आपल्याकडे तर पाणी समुद्राच्या लाटेसारखे घटकाभरात येत नाही. भंडाऱ्याकडे गोसेखुर्दचे दरवाजे उघडल्याची बातमी आली तरी ते पाणी त्याच रात्री सिरोंचाला पोचत नाही. वेळ मिळतो. पण नुसत्या वैनगंगेच्या बातमीवर भागत नाही. गोदावरीवर येल्लमपल्लीतून किती सोडले, बस्तरकडे इंद्रावती कशी आहे, मेडिगड्ड्याचे किती दरवाजे उघडे आहेत, हे तिन्ही मिळून कळले तरच फुगवट्याचा अंदाज येतो. म्हणजे मुंबई, हैदराबाद आणि रायपूर या तिन्ही ठिकाणांहून आलेली खबर एका तहसील कचेरीत एकत्र मांडायला हवी. तिथून ती गावात जाईल ती कोणत्या भाषेत? सिरोंचाच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, जंगलातल्या पाड्यांवर माडिया. ‘विसर्ग अमुक घनमीटर’ असे छापील मराठीत सांगितले तर शिकलेला माणूससुद्धा कपाळाला हात लावील. ‘शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येईल, गुरे आत्ताच उंचवट्यावर न्या’ असे दवंडीवाल्याने त्यांच्या बोलीत सांगितले, तर म्हातारी आजीसुद्धा उठेल. आणि ती दवंडी रस्ता कोरडा असतानाच पिटली गेली पाहिजे. एकदा रस्ता बुडाला की डोंग्याशिवाय गती नाही, आणि भरल्या प्राणहितेत रात्री डोंगा घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

बियाण्याचे पोते आणि सात-बाराचे कागद जुलै लागताच माळ्यावर चढवावेत, हेही सांगून ठेवतो. २०२२ चे पाणी जुलैतच आले होते, भाताच्या रोवणीच्या दिवसांत.

गुरुजींना एक काम सुचवायचे आहे. मुलांना घेऊन गावात फिरावे आणि १९८६ चे पाणी कुठवर होते, २०२२ चे कुठवर, ते विचारून शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर दोन पट्टे ओढावेत, साल घालून. एक डबा तांबडा रंग पुरेल. २०२२ ची खूण मुलेच दाखवतील. १९८६ ची दाखवणारी माणसे आता साठी-सत्तरीत आहेत, तेव्हा त्यांच्या ओसरीवर आधी जावे.