वकील न होणाऱ्यांचा कायदा

इंग्लंडचा कायदा इंग्लंडच्याच विद्यापीठांत शेकडो वर्षे शिकवला जात नव्हता, हे आज सांगून खरे वाटणार नाही. ऑक्सफर्डला कायद्याच्या पदव्या मिळत, पण त्या रोमन कायद्याच्या. ज्या कायद्याने जमिनींचे तंटे मिटत आणि माणसे फासावर जात, तो शिकायला लंडनच्या ‘इन्स’ नावाच्या वकिलांच्या संस्थांमध्ये जावे लागे. अठराव्या शतकात तिथलेही शिक्षण खालावले होते. जेवणावळींना हजेरी लावायची, उरलेला वेळ एखाद्या वकिलाच्या कचेरीत दस्तऐवजांच्या नकला करायच्या, असा एकंदर प्रकार. लंडनला वकिलीत जम न बसलेल्या विल्यम ब्लॅकस्टनने १७५३ साली ऑक्सफर्डात खासगी व्याख्याने सुरू केली. फी सहा गिनी, म्हणजे गरिबांचे काम नव्हे. मात्र हे वर्ग फक्त होऊ घातलेल्या वकिलांसाठी नाहीत, आपल्या देशाची घटना आणि कायदे थोडेबहुत जाणून घ्यायचे असतील त्यांनीही यावे, असे त्याने जाहिरातीतच म्हटले होते.

पुढे चार्ल्स व्हायनर नावाच्या गृहस्थाने कायद्याचा तेवीस खंडांचा सारसंग्रह छापून मिळवलेला पैसा मृत्युपत्राने विद्यापीठाला दिला. त्यातून अध्यासन निघाले आणि १७५८ साली ब्लॅकस्टन त्यावर बसला. त्याचे पहिले व्याख्यान म्हणजे कायदा हा सर्वसाधारण शिक्षणाचा भाग का असावा, याचा युक्तिवाद आहे. जमीनदाराला वारसा आणि खरेदीखत कळले पाहिजे. तोच उद्या ज्युरीत बसणार, गावचा बिनपगारी मॅजिस्ट्रेट होणार, पार्लमेंटात जाऊन कायदे करणार. वैद्यांना मात्र कायद्याची खास गरज नाही, असे म्हणता म्हणता तो थबकतो: अचानक वेळ आली तर मृत्युपत्र रीतसर कसे करायचे, एवढे त्यांनाही ठाऊक असलेले बरे! मला साऱ्या व्याख्यानात हीच जागा सर्वांत पटते. कायद्याशी गाठ कोर्टात पडण्याच्या कितीतरी आधी घरात पडते, हे त्यात आले.

हा सगळा खटाटोप वरच्या वर्गाने आपली सत्ता शाबूत ठेवण्यासाठी केला, असा आक्षेप येईल आणि तो बराचसा खरा आहे. ऑक्सफर्डात प्रवेशासाठी इंग्लंडच्या चर्चची धर्मतत्त्वे मान्य करावी लागत. स्त्रियांना तिथली पदवी मिळायला १९२० साल उजाडले. ब्लॅकस्टनची व्याख्याने १७६५ ते १७६९ या काळात चार खंडांत निघाली, त्यांतही आहे त्या व्यवस्थेचे कौतुकच जास्त. पण शिकवणाऱ्याचा हेतू आणि शिकण्याचा परिणाम एकच असतो असे नाही. त्याच वर्गात जेरेमी बेंथम नावाचा पोरसवदा विद्यार्थी बसला होता. त्याने वकिलीला जवळजवळ हातच लावला नाही. १७७६ साली मात्र निनावी पुस्तक काढून गुरूच्या मांडणीची चिरफाड केली आणि उरलेले आयुष्य कायदे सुधारण्यात घालवले. पोटासाठी कायदा शिकणारा तो वापरायला शिकतो. ज्याला त्यावर पोट भरायचे नसते, तो ‘हे असे का?’ असे विचारायला मोकळा असतो.

दुसरा आक्षेप अर्धवट ज्ञानाच्या धोक्याचा. कायदा कोळून प्यायलेले तरी कुठे चुकत नाहीत? ब्लॅकस्टननंतर त्याच अध्यासनावर बसलेला रॉबर्ट चेंबर्स पुढे कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाला. १७७५ साली नंदकुमार या बंगाली अधिकाऱ्याला खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून फाशी देणाऱ्या न्यायाधीशांत तो होता. खोट्या दस्तऐवजासाठी फाशी देणारा इंग्लिश कायदा इथे लागू होतो का, अशी शंका त्याने काढली, पण अखेर बाकीच्यांपुढे मान तुकवली. जाणकारांचे हे असे असेल, तर त्यांच्यावर नजर ठेवण्यापुरता तरी कायदा इतरांना समजायला हवा.

आपल्याकडे मुंबईत सरकारी लॉ कॉलेज १८५५ साली निघाले आणि पुढे कायदा हा बी.ए. होऊन करायचा अभ्यास ठरला. टिळक १८७९ साली एलएल.बी. झाले, पण वकिलीत पडले नाहीत. पुण्यात कायद्याचे वर्ग मात्र त्यांनी चालवले. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, ज्युरीपुढे कित्येक दिवस बोलले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले, सहा वर्षांची शिक्षा झाली. पण राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ सरकार कसा ताणते, हे त्या भाषणातून जगाला दिसले. वकिलीचा धंदा न करणाऱ्याला कायदा कशाला, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलपासून पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. आपल्याकडे रुजला. त्यात इतिहास आणि अर्थशास्त्र असते, पण मुक्काम ठरलेला असतो: सनद नाहीतर कंपनीतली नोकरी. भावी वकिलाला थोडी कलाशाखा पाजण्याची सोय त्यामुळे झाली. ब्लॅकस्टनला हवे होते ते उलटे. मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. होणाऱ्या मुलीने भाडेकरार, मृत्युपत्र, एफआयआर आणि एखादा हायकोर्टाचा निकाल मुळातून वाचलेला असावा, एवढी तजवीज विद्यापीठांनी आता करावी.