स्टुडिओ फ्लॅशसाठी मॉडिफायर निवडताना

स्टुडिओत छायाचित्रण सुरू करणारा हौशी छायाचित्रकार फ्लॅश किती ताकदीचा घ्यावा, याची बरीच चौकशी करतो. त्या फ्लॅशपुढे काय लावावे, हा प्रश्न त्याला मागाहून पडतो. वास्तविक छायाचित्राचे रूप या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अधिक अवलंबून असते. उघड्या फ्लॅशचा प्रकाश लहानशा नळीतून येत असल्याने नाकाची सावली गालावर काळी व रेखीव उमटते आणि त्वचेवरील चमक नको तितकी उठून दिसते. हा प्रकाश पसरवणाऱ्या, मऊ करणाऱ्या किंवा आवळून धरणाऱ्या साधनांना छायाचित्रकार ‘मॉडिफायर’ म्हणतात. छत्री, सॉफ्टबॉक्स, ब्यूटी डिश, स्नूट ही त्यांतील प्रमुख होत. ती सारी एकदम खरेदी करण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यांतील निम्मी पुढे माळ्यावर पडून राहतात.

आकार आणि अंतर

निवड करताना एक तत्त्व ध्यानात ठेवावे. विषयाच्या जागेवरून प्रकाशाचा स्रोत जितका मोठा दिसतो, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ होतात. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड असला तरी दूर असल्याने लहान दिसतो आणि म्हणूनच उन्हाची सावली कठोर असते. ढगाळ दिवशी मात्र सारे आकाशच दिवा बनते. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स ६० सेंटिमीटरवरून जेवढी मृदुता देतो, साधारण तेवढीच १२० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स १२० सेंटिमीटरवरून देतो. त्यामुळे मोठे साधन घेण्यापूर्वी हाती असलेले साधन जवळ आणून पाहणे शहाणपणाचे.

अंतराचा परिणाम पार्श्वभूमीवरही होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. दिवा व्यक्तीपासून एक मीटरवर आणि भिंत तिच्यामागे आणखी एक मीटरवर असेल, तर भिंतीला दोन स्टॉप कमी प्रकाश मिळतो. तोच दिवा तीन मीटरवर नेल्यास हा फरक एका स्टॉपपेक्षाही कमी होतो. पांढरी भिंत राखाडी किंवा जवळजवळ काळी दाखवण्याची किमया या हिशेबातच आहे.

छत्री की सॉफ्टबॉक्स?

छत्री स्वस्त, हलकी आणि क्षणात उघडणारी असते. मात्र तिचा प्रकाश चोहीकडे सांडतो. मोठ्या दालनात त्याने फारसे बिघडत नाही. फ्लॅटमधील दहा बाय बाराच्या खोलीत तो भिंतींवर व छतावर आपटून परत येतो, सावल्या पुसट करतो आणि भिंत रंगीत असल्यास तिची छटा चेहऱ्यावर आणतो. लहान खोलीत म्हणूनच सॉफ्टबॉक्स उपयुक्त ठरतो. त्याच्या काळ्या बाजू प्रकाश रोखतात आणि पुढे कापडी जाळी लावली की प्रकाशाची दिशा आणखी आवळता येते. आतील व बाहेरील अशा दोन पडद्यांमुळे प्रकाश एकसारखा पसरतो. त्याची किंमत म्हणून सुमारे एक ते दोन स्टॉप खर्ची पडतात. अष्टकोनी सॉफ्टबॉक्समुळे डोळ्यांत जवळजवळ गोल प्रकाशबिंदू दिसतो, तर चौकोनी सॉफ्टबॉक्समुळे खिडकीसारखा.

विषयानुसार निवड

ब्यूटी डिश मऊ व कठोर यांच्या मधला प्रकाश देते. गालाच्या हाडांची ठेवण ती ठळक करते. पण त्वचेचे दोषही लपवत नाही. वयस्कर व्यक्तीच्या सुरकुत्या मृदू दाखवायच्या असल्यास जवळ ठेवलेला मोठा सॉफ्टबॉक्स बरा. त्याच सुरकुत्या व्यक्तिमत्त्वाची खूण म्हणून दाखवायच्या असतील, तर बाजूने पडणारा छोट्या स्रोताचा प्रकाश हवा. केसांच्या कडेला उजळ रेघ आणण्यासाठी अरुंद, उभा स्ट्रिपबॉक्स किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी लावलेला साधा रिफ्लेक्टर पुरतो. या जाळ्या १०, २०, ३०, ४० अशा अंशांत मिळतात आणि अंश जितके कमी तितके वर्तुळ लहान. स्नूटही प्रकाश एका ठिपक्यावर आणतो.

चकाकणाऱ्या वस्तूंचा न्याय वेगळा. स्टीलचे भांडे किंवा दागिना आरशासारखा वागतो आणि छायाचित्रात मॉडिफायरचा आकारच त्याच्या पृष्ठभागावर उमटतो. तेथे मोठा, एकसंध पांढरा पृष्ठभाग आणि कडा दाखवण्यासाठी काळे पुठ्ठे लागतात. जरीच्या साडीचा पोत मात्र तिरप्या प्रकाशातच खुलतो.

खरेदीपूर्वी

फ्लॅशचा माउंट कोणता, हे आधी तपासावे. ब्रिटनची बोवेन्स ही कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी तिचा माउंट इतर अनेक उत्पादक आजही वापरतात. त्यामुळे त्याला बसणारी साधने सहज मिळतात. जड सॉफ्टबॉक्ससाठी स्टँड भक्कम हवा आणि त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी. हॅलोजनचा मॉडेलिंग दिवा असल्यास बंदिस्त साधन तापते, याचेही भान हवे. जुने, पिवळे पडलेले पडदे रंगसंगती बिघडवतात.

नवशिक्याने सुरुवातीला ९० ते १२० सेंटिमीटरचा, जाळीसह मिळणारा एक सॉफ्टबॉक्स आणि सावली उजळण्यासाठी पांढऱ्या थर्माकोलचा एक तक्ता एवढेच घ्यावे. त्यांची जागा, उंची आणि अंतर बदलत काही महिने काम केले की पुढचे साधन कोणते हवे, हे आपल्या छायाचित्रांतील उणिवाच सांगू लागतात.