कन्हान नदी : मत्स्यजीवन आणि हौशी मासेमारी

वैनगंगेची उपनदी. उगम मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातील सातपुड्यात. नागपूर जिल्ह्यात बिना संगमावर पेंच व कोलार या नद्या तिला मिळतात. पुढे ती कामठीवरून वाहत कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेत विलीन होते. नागपूरच्या इतक्या जवळ एवढी मोठी नदी असल्याने येथे गळाच्या मासेमारीचे पर्यटन सहज उभे राहील, असे अनेकांना वाटते. आंभोऱ्याचा नवा पूल आणि गोसीखुर्दच्या जलाशयावरील जलपर्यटनाच्या योजना यांनी या अपेक्षेला बळ दिले आहे. मात्र ही अपेक्षा मासळी बाजारातल्या आवकेवर बेतलेली आहे आणि बाजारावरून नदीची प्रकृती कळत नाही. जलाशयातून निघणाऱ्या कटला, रोहू, मृगळ या माशांचा मोठा भाग सोडलेल्या बोटुकलीचा (बोटभर पिल्लांचा) असतो. ती शेतीच म्हणायची, फक्त पाण्यातली. हौशी माणूस ज्यांच्यासाठी गळ टाकतो ते मरळ, शिवडा, शिंगाळा हे शिकारी मासे. त्यांना डोह लागतात, बारीक मासळी लागते आणि विणीच्या वेळी योग्य पाणी लागते.

पाण्याचाच प्रश्न अवघड आहे. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर अनेक मासे वरच्या अंगाला चढतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. हे चढणीचे मासे पेंचवर कामठीखैरी व तोतलाडोह या धरणांशी अडतात; वैनगंगेतून वर येणाऱ्यांची वाट गोसीखुर्दने रोखली आहे. मध्य प्रदेशातील चौराई धरणानंतर पेंचचे पाणी आणखी घटले. 2019च्या जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी घ्यावे लागले, तेव्हा ही टंचाई शहराला कळली. नदीतल्या जिवांच्या वाट्याला ती आधीच आली होती. त्यात घाण. नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते व तेच पुढे गोसीखुर्दमध्ये साचते. जुलै 2022मध्ये कोराडी वीजकेंद्राचा राखेचा बंधारा फुटून राख कोलारमधून कन्हानमध्ये आली. अशा पाण्यात मरळ तग धरतो, कारण तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. पाण्यातील प्राणवायूवर जगणाऱ्या माशांना ती सोय नाही. म्हणून मरळ लागला एवढ्यावरून पाणी चांगले असे मानू नये.

यावर ठरलेला उपाय सुचवला जातो : लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रातून महाशीरची पिल्ले आणून सोडा. त्या केंद्राचे काम मोठे आहे, यात वाद नाही. पण तेथील महाशीर कावेरीत सोडल्यावर तो फोफावला आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर नामशेष होण्याच्या कडेला आला, हेही विसरता येत नाही. शिवाय महाशीरला वाहते, थंड, खडकाळ पाणी हवे. कामठीखालच्या कन्हानमध्ये ते बारमाही मिळत नाही. पिल्ले सोडणे सोपे असते, फोटोही चांगले येतात. धरणातून उन्हाळ्यात नदीसाठी पाणी सोडणे मात्र सिंचन, वीज आणि शहर या तिघांशी भांडून मिळवावे लागते.

गळाच्या पर्यटनावरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नदीवर ढिवर-भोई समाजाचे पोट चालते. तिथे हौशींची गर्दी कशाला? पेंचच्या जंगलातून उठवलेल्या 305 कुटुंबांना मध्य प्रदेशाने तोतलाडोहात मासेमारीचे परवाने दिले, तेव्हा त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1997च्या निकालात न्यायालयाने परवाने कायम ठेवले, पण कडक अटी घातल्या. यावरून दिसते की मासा कुणाचा हे आधी ठरवल्याशिवाय पर्यटनाची आखणी टिकत नाही. मात्र गळ आणि जाळे यांचे वैर अटळ नाही. डोह कुठे आहे, शिवडा केव्हा फिरतो, मरळाची जोडी पिल्ले कुठे राखते हे ढिवरालाच ठाऊक असते. परवाना मच्छीमार सहकारी संस्थेने द्यावा, वाटाड्या तिचा सभासद असावा आणि मासा परत सोडला तरी त्या दिवसाचे पैसे वाटाड्याला मिळावेत, ही रचना जमण्याजोगी आहे.

सध्याच्या स्थितीत कन्हान गळाच्या पर्यटनाला तयार नाही. विणीच्या काळातील प्रवाह आणि नागचे सांडपाणी हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय ती होणारही नाही. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येत असल्याने तेथे हौशी मासेमारीला वाव नाही. इतरत्र गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्याचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून स्थानिक संस्थेची परवानगी घ्यावी.